सकाळची दुसरी लघवी

सकाळी ८
लॅबच्या खिडकीशी रांग लागलेली असते. माझं पहिलं काम समजावून सांगण्याचं. "काका, उठल्याउठल्याची लघवी नको, त्यानंतरची आणा." रात्रभर मूत्राशयात साचलेल्या लघवीत पेशी खराब होतात, ओळखू येत नाहीत. आजच्या काकांनी डबी रुमालात गुंडाळून आणलीय. लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं नाही, म्हणून चार महिने घरात बोलले नाहीत. फॉर्मवर दोन गोष्टी मी आवर्जून लिहिते: बिडी-सिगरेट आणि रंगाच्या कारखान्यातलं काम. जर्मनीत लुडविग रेन यांनी रंगकामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठींची नोंद १८९५ मध्येच केली होती. काकांची तीस वर्षं बिडी.

९
पट्टी बुडवते. रक्ताचा पिवळा चौकोन हिरवा होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तिथे पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखं काम करतं. पांढऱ्या पेशींचं एस्टरेज पकडणारा चौकोन जांभळा झाला, तर जंतुसंसर्गाची शंका. काकांचा तो तसाच राहिला.

१०
सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या समोरासमोर, सारख्या वजनाच्या. फिरून झाल्यावर तळाशी चिमूटभर गाळ उरतो. त्याचा थेंब काचेवर पसरते आणि ओला असतानाच अल्कोहोलमध्ये घालते. सुकला, तर पेशी फुगतात.

११
पॅप रंग. लघवीतल्या पेशी अशा रंगवून कर्करोग शोधता येतो, हे पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी १९४५ मध्ये मांडलं. आजही आमचा आधार तोच.

दुपारी १
काकांची मुलगी विचारते, "ताई, एन्झाइम तपासून लगेच नाही का कळत?" प्रश्न योग्य आहे. १९६०च्या दशकात लघवीतल्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेजवर मोठी आशा होती. पण ते तांबड्या आणि पांढऱ्या पेशींतही असतं. मुतखडा झाला, संसर्ग झाला, तरी वाढतं. पुढे टेलोमरेज आलं. कर्करोगाच्या पेशींना न थांबता विभागायला तेच मदत करतं, पण सूज असली की लिम्फोसाइटमध्येही ते जागं होतं. आक्रमक गाठींत हायलुरोनिडेज वाढलेलं सापडलं. मी तिला एवढंच सांगते, "आत काहीतरी बिघडलंय, हे एन्झाइम सांगतं. काय बिघडलंय, ते पेशी बघूनच ठरवावं लागतं."

३
मॅडम मायक्रोस्कोपला बसतात. मला बाजूच्या नळीतून बघायला सांगतात. केंद्रक गडद निळं, कडा वेडीवाकडी, पेशीचा बहुतेक भाग त्यानंच व्यापलेला. अशा चार-पाच पेशी एकत्र. मॅडम काच पुन्हा पहिल्यापासून बघतात, मगच लिहितात: हाय-ग्रेड कर्करोगाचा संशय.

४.३०
रिपोर्ट युरॉलॉजीकडे जातो. आता दुर्बिणीतून तपासणी आणि तुकडा. संथ वाढणाऱ्या गाठींच्या पेशी साध्या पेशींसारख्याच दिसतात, त्या आमच्या काचेवर निसटू शकतात. म्हणून रिपोर्ट चांगला आला, तरी डॉक्टरांनी सांगितलेली दुर्बीण चुकवायची नाही.

काकांसारखे चार महिने कुणी थांबू नये. लघवी एकदा जरी लाल दिसली, दुखत नसलं, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ झाली, तरी डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कुणी हे लाजून सांगत नसेल, तर तुम्ही विचारा.