जुन्या आरायंत्राचा जीर्णोद्धार

सातपुड्याच्या सागवानाशीं खानदेशचें नातें जुनें आहे. जळगांव-धुळ्याकडील एखाद्या वखारींत बिडाचें जुनें आरायंत्र गंजत पडलें असेल, तर तें भंगारांत घालावें कीं पुन्हां उभें करावें? याचें उत्तर यंत्राच्या रंगांत नसून त्याच्या दोन चाकांत आहे.

वरच्या व खालच्या चाकांवरून पोलादी करवतपट्टी अखंड फिरते, हेंच या यंत्राचें मर्म. इंग्लंडांत न्यूबेरीनें १८०८ सालीं ही कल्पना मांडली. परंतु पट्टीचा सांधा टिकेना. १८४६ सालीं क्रेपँ नांवाच्या फ्रेंच स्त्रीनें तो जोडण्याची रीत काढली, तेव्हां कोठें यंत्र मार्गीं लागलें.

दुरुस्तीच्या आरंभीं चाक उतरवून, टांगून, लांकडी हातोडीनें हलकेंच ठोकावें. घंटेसारखा नाद आला तर बरें. बद्द आवाज आला तर तडा संभवतो. नाद स्वच्छ असला तरीहि आऱ्यांच्या मुळाशीं भिंगानें पाहावें. तडा गेलेलें चाक डाग देऊन पुन्हां फिरवूं नये. वेगांत तें फुटलें, तर कारागिराच्या जिवावर बेतेल. चाकें निर्दोष ठरलीं, म्हणजे झिजलेल्या बेअरिंगांत बॅबिट हा मऊ मिश्रधातु नव्यानें ओतावा, ओळंब्यानें चाकें एका पातळींत आणावीं व पट्टीवर पत्र्याचें आच्छादन बसवावें. रंग सर्वांत शेवटीं.

रोज काम संपल्यावर पट्टीचा ताण सैल करावा. इतकें पाळलें, तर आजोबांचें यंत्र नातवापाशींहि राबेल, आणि नातवाचीं दहाहि बोटें शाबूत राहतील.