होडीतली चूल : ऊब हवी, जिवाला घोर नको

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत डोंगर मोठे, तसे पाणीही मोठे. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे झाली आणि काठावरच्या माणसाला होडी जवळची झाली. जाळे संध्याकाळी टाकायचे, पहाटे उचलायचे. मधली रात्र पाण्यावर काढायची म्हटली की चहा लागतो, आणि पौषाच्या थंडीत शेकही लागतो. धोका इथूनच सुरू होतो.

ताडपत्रीखालची शेगडी नको

वारा झोंबू लागला की होडीवर ताडपत्री ओढून आत कोळशाची शेगडी ठेवतात. हे कधीच करू नये. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्टपणे तो रक्ताला चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग झोप येते. आणि ती झोप शेवटची ठरू शकते. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. असा त्रास झालेल्या माणसाला लगेच उघड्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बंद खोपटात किंवा गोठ्यातही हाच नियम.

चूल कशी करावी?

शक्यतो स्वयंपाक काठावरच उरकावा. होडीत भाकरी-ठेचा बांधून न्यावा. फक्त चहाच करायचा तर :

१) तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, एक बाजू कापा. तळाला चार बोटे कोरडी वाळू भरा, वर तीन दगड मांडा. समुद्रावरच्या जुन्या शिडाच्या जहाजांतही चूल वाळू-मातीच्या पेटीतच असे.

२) डबा काठाच्या लाकडी खोक्यात बसवून घट्ट बांधा. कापलेली बाजू वाऱ्याकडे नको. इंजिनाच्या पेट्रोलचा डबा दूर ठेवा. फायबरची होडी पेट घेते, हे विसरू नका.

३) होडी काठाला बांधूनच चूल पेटवा. भांडे खोल, वर झाकण, एक तृतीयांश रिकामे. तळण नको.

४) स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचे ते काठावर, स्टोव्ह गार झाल्यावर.

५) तेल किंवा रॉकेल पेटले तर पाणी ओतू नका, वाळू टाका किंवा झाकण ठेवा.

गॅसचा सिलिंडर

पाच किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा वाटतो. पण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर घरात दारा-खिडकीवाटे निघून जाईल. होडीच्या तळाला मात्र पाण्यासारखा साचून राहतो. एक काडी पुरे. म्हणून सिलिंडर होडीत नकोच. घरी गॅसचा वास आला तर १९०६ या क्रमांकावर कळवा.

मग ऊब कशी मिळवायची?

काठावर पाणी तापवून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, फडक्यात गुंडाळून पोटाशी धरा. बुडाखाली कोरडे बारदान, अंगावर घोंगडी, डोक्याला मुंडासे. ओले कपडे आधी बदला. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. अंगातली उष्णता उलट लवकर जाते.

सरपंच, पोलीस पाटील व मच्छीमार संस्थांनी थंडीपूर्वी एक बैठक घेऊन हे सांगावे. वाळूच्या डब्याला खर्च जवळजवळ नाही. गेलेला कर्ता माणूस मात्र परत येत नाही.