भर उन्हाळ्यातली फुलपाखरे

फुलपाखरे पाहायची ती पावसाळा सरताना, असा सर्वसाधारण समज आहे. भाद्रपद-आश्विनात माळ फुलांनी भरतो आणि फुलपाखरांची गर्दीही तेव्हाच सर्वाधिक असते, हे खरे. पण मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेला, की ती सगळीच नाहीशी होतात असे नाही. काही जाती हा काळ कोषात काढतात, काही दाट सावलीत दडून राहतात, तर काही रोज सकाळी दोन-तीन तास बाहेर पडून आपले काम उरकतात. जालना जिल्ह्यात एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन, मोबाइलचा कॅमेरा एवढ्याच साहित्यावर उन्हाळ्यातली एक सकाळ फुलपाखरांसाठी काढली, तर पाहण्यासारखे बरेच काही सापडते.

जालना हा राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. त्यामुळे इथली फुलपाखरे जंगलात शोधायची नसतात. शेताचे बांध, पडीक जमीन, ओढ्यांचे काठ आणि फळबागा हीच त्यांची घरे. कुंडलिका, दुधना, पूर्णा या नद्यांची पात्रे उन्हाळ्यात आटतात, पण डबक्यांच्या कडेला ओल टिकून असते. जालना शहराला पाणी पुरवणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी जलाशयाच्या काठासारख्या जागाही अशाच. पाणी मागे सरकलेल्या ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. ती तिथे केवळ तहान भागवत नसतात. फुलांच्या मधात क्षार फार कमी असतात. ती उणीव फुलपाखरे ओल्या मातीतून, विशेषतः सोडियम शोषून, भरून काढतात. या थव्यांत बहुतेक नरच असतात. मीलनाच्या वेळी ते हे क्षार मादीला देतात आणि अंडी घालताना ते तिच्या उपयोगी पडतात.

मोसंबीवरचे पाहुणे

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि या बागा म्हणजे दोन देखण्या फुलपाखरांचे माहेरघर. पहिले 'लाइम बटरफ्लाय'. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखाच्या टोकाशी विटकरी डाग, अशी त्याची ओळख. त्याची मादी मोसंबी, लिंबू, बेल, कढीपत्ता यांच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे वळत नाहीत. मोठी झाली, की ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रूंना पिटाळण्याचे हे तिचे हत्यार.

शेतकऱ्याच्या लेखी मात्र ही पाने खाणारी अळी म्हणजे कीड, आणि ते चुकीचेही नाही. रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत ती कोवळी पालवी फस्त करते. वाढलेल्या झाडाला तिचा उपद्रव फारसा जाणवत नाही. त्यामुळे लहान झाडांवरच्या अळ्या हाताने वेचणे हा जुना उपाय आजही उपयोगी आहे. दिसली अळी की फवारणी, असे केले तर या अळीबरोबर तिच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्याही मरतात. कापसावर ज्यांची कार्डे लावली जातात त्या ट्रायकोग्रामा याच गटातल्या. शेतकऱ्याच्या बाजूने लढणारे हे कीटक फुकट मिळालेले असतात.

मोसंबीवरचा दुसरा पाहुणा 'कॉमन मॉरमॉन'. याचा नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेला. मादी मात्र एकाच जातीत तीन वेगवेगळ्या रूपांत आढळते. एक रूप नरासारखे. उरलेली दोन 'कॉमन रोझ' आणि 'क्रिमझन रोझ' या विषारी फुलपाखरांची नक्कल असलेली. पक्षी त्या विषारी फुलपाखरांना टाळतात, म्हणून नकलेचाही जीव वाचतो. एकाच आईच्या पोटी अशी वेगळ्या रूपांची पिल्ले कशी निपजतात, हा जुना प्रश्न होता. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की या सगळ्या फरकाची किल्ली 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकात आहे. नर-मादीची शरीरे घडवणारे जनुकच इथे पंखांचा वेशही ठरवते. कढीपत्त्याच्या कुंडीवरही ही अळी येते. त्यामुळे हे सगळे पाहायला बाग असलीच पाहिजे, असेही नाही.

विषारी रुई, रुचकर घोळ

मे महिन्यात पडीक रानात हिरवे काय उरते, असे विचारले तर पहिले नाव रुईचे. शेळ्याही तिला सहसा तोंड लावत नाहीत, कारण तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. 'प्लेन टायगर' या केशरी फुलपाखराची अळी मात्र हीच पाने खाऊन वाढते आणि ते विष अंगात साठवते. एकदा असे फुलपाखरू तोंडात घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच 'प्लेन टायगर' संथ, निर्धास्त उडते आणि नवशिक्या छायाचित्रकारालाही भरपूर वेळ देते.

या निर्धास्तपणाचा फायदा 'डॅनाइड एगफ्लाय'ची मादी उठवते. तिच्या अंगात विष नाही. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. पण रंगरूप इतके सारखे, की फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय खात्री पटत नाही. 'प्लेन टायगर'च्या मागच्या पंखावर मध्यभागी काळे ठिपके असतात. नकलेत ते बहुधा एकच, कडेला असते.

आषाढी द्वादशीला ज्या वाघाट्यांची भाजी करतात, त्या वेलीवर 'पायोनिअर' हे पांढरे, काळ्या नक्षीचे फुलपाखरू अंडी घालते. बहावा पिवळ्या घोसांनी लहडलेला असतो, तेव्हा त्याच्या कोवळ्या पानांवर 'कॉमन एमिग्रंट'च्या माद्या घिरट्या घालतात. म्हणजे फुलपाखरू शोधायचे तर आधी झाड ओळखावे लागते. बांधावरची रुई, वाघाटी, घोळ जाळून किंवा तणनाशकाने संपवली, तर त्यांवर जगणारी फुलपाखरेही संपतात. इतकेच नव्हे, उन्हाळ्याच्या तोंडावर पिलांना भरवणाऱ्या कितीतरी पक्ष्यांचे मुख्य खाद्य अळ्याच असतात. बांध स्वच्छ झाला, की त्यांचेही ताट रिकामे होते.

फोटो कसा काढावा

सकाळी सात ते दहा ही उन्हाळ्यातली योग्य वेळ. फुलपाखराला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. सकाळच्या उन्हात ते पंख पसरून बसते ते स्नायू तापवण्यासाठी, आणि वरच्या बाजूचा फोटो तेव्हाच मिळतो. उन्ह चढले, की पंख मिटून ते सावलीत शिरते. जवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. खाली वाकून, हळूहळू पुढे सरकावे. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपाव्यात. ज्या झाडावर ते बसले त्याचाही एक फोटो घ्यावा.

दोघे असले, की काम वाटून घेता येते. एकाने फोटो काढावा, दुसऱ्याने नजर ठेवावी आणि जागा, वेळ, झाड यांची नोंद करावी. गवतात वाकताना साप किंवा न बांधलेल्या विहिरीची कड लक्षात येत नाही, म्हणूनही दुसरी नजर हवी. फुलपाखराला हातात धरू नये. त्याच्या पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले असतात आणि ते गेले, की पुन्हा येत नाहीत. हे फोटो 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळांवर देता येतात. तिथे जाणकार ओळख पटवतात आणि आपली नोंद अभ्यासकांच्या कामी येते. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० जाती आहेत. महाराष्ट्राने तर २०१५ मध्ये 'ब्लू मॉरमॉन'ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य.

उन्हाचे भान

फुलपाखरू दहा वाजता सावली गाठते, तोच नियम माणसानेही पाळावा. निघण्याआधी पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-तीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. टोपी किंवा उपरणे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, ओआरएसची पुडी किंवा मीठ-साखरेचे पाणी सोबत असावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराची औषधे सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून बेत करावा. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही थांबण्याची सूचना समजावी. सोबतीचे बोलणे असंबद्ध झाले, त्याचे अंग भट्टीसारखे तापले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नये.

उन्हाळ्यात पाणथळ जागेजवळ 'पीकॉक पॅन्सी' दिसली, तर तिच्या मिटलेल्या पंखांचा फोटो जपून ठेवावा. या दिवसांत त्यांची खालची बाजू वाळक्या पानासारखी, कडा टोकदार असते. भोवती सुकलेला पाचोळा असल्याने तेच उत्तम लपण. पाऊस पडून गेल्यावर सप्टेंबरमध्ये त्याच जागी, त्याच सोबत्याबरोबर पुन्हा जावे. तेव्हा जन्मलेल्या पिढीच्या पंखांखाली ठळक डोळे उमटलेले असतात. जात तीच, जागा तीच. दोन्ही फोटो शेजारी ठेवले, की ऋतू फुलपाखराच्या अंगावर कसा उतरतो हे दिसते.