एकाच यंत्रात नांदणाऱ्या आवृत्त्या

एकाच संगणकावर एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात काय, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक सोयीचा वाटतो; परंतु ज्याने एखादे दीर्घकालीन संशोधन किंवा कचेरीचा वर्षानुवर्षांचा हिशेब यंत्राच्या स्वाधीन केला आहे, त्याच्या दृष्टीने तो आपल्याच जुन्या निष्कर्षांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न असतो. नवी आवृत्ती आली की जुनी काढून टाकावी, हा आपला सर्वसाधारण रिवाज आहे, आणि पत्रे लिहिण्यापुरता किंवा चित्रे पाहण्यापुरता तो योग्यही आहे. मात्र ज्या सॉफ्टवेअरवर दुसरी शेकडो कामे उभी असतात, त्याच्या बाबतीत हा रिवाज किती महाग पडतो, हे पायथॉन या संगणकभाषेच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसते.

गिडो व्हान रोस्सुम या डच प्रोग्रामरने १९८९ च्या अखेरीस ॲम्स्टरडॅम येथे या भाषेच्या रचनेस आरंभ केला आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. पुढे ती सर्वत्र पसरली. पण आरंभीच्या काही निर्णयांतील उणिवा जसजशा जाणवू लागल्या, तसतसे तिच्या कर्त्यांना वाटू लागले की, डागडुजी करीत राहण्यापेक्षा एकदाच मागील सातत्य तोडून भाषा शुद्ध करून घ्यावी. त्याप्रमाणे ३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉन ३ प्रसिद्ध झाली. जुन्या शाखेची २.७ ही अखेरची मोठी आवृत्ती २०१० मध्ये निघाली, तिच्या निगराणीची मुदत प्रथम २०१५ पर्यंत ठरली होती, आणि जगभरची कामे तिच्यावरच चाललेली पाहून ती १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावी लागली. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ एकाच नावाच्या, पण परस्परांशी पूर्णपणे न जुळणाऱ्या दोन भाषांचा अंमल एकाच वेळी चालू होता.

हा भेद किती सूक्ष्म आणि म्हणूनच किती घातक असू शकतो, ते पाहण्यासारखे आहे. सातास दोनाने भागावयास सांगितले, तर पायथॉन २ तीन हे उत्तर देते, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असावा असा तिचा नियम; पायथॉन ३ मात्र साडेतीन सांगते. अडीच ही संख्या जवळच्या पूर्णांकात बसवा म्हटले, तर पहिली तीन म्हणते आणि दुसरी दोन, कारण संख्या बरोबर मध्यावर असेल तेव्हा सम संख्येकडे झुकावे, असे नव्या शाखेने ठरविले आहे. दोन्ही ठिकाणी यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही. छपाईच्या आज्ञेला जुन्या पद्धतीने कंस दिला नाही, तर नवी आवृत्ती तेथल्या तेथे काम नाकारते आणि चूक उघडकीस येते. हा नकार मला उपकारक वाटतो. परंतु पर्जन्यमानाच्या नोंदींची सरासरी एके वर्षी एका आवृत्तीने आणि दुसऱ्या वर्षी दुसरीने काढली, आणि दोन्ही वेळा कागदावर निमूटपणे आकडे उमटले, तर त्यांतील तफावत पावसाची की यंत्राची, हे सांगणार कोण?

मराठी वाचकाला अधिक निकटचे एक उदाहरण आहे. आजच्या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारल्यास पायथॉन २ सामान्यतः पंधरा हे उत्तर देते, कारण ती बाइट मोजते. पायथॉन ३ पाच सांगते, कारण ती चिन्हे मोजते, आणि तिच्या दृष्टीने रा मधील कानाही स्वतंत्र आणि ठी मधील वेलांटीही स्वतंत्र असते. आपण मात्र तीन अक्षरे वाचतो. जुन्या आवृत्तीत शब्दाचा पहिला घटक तोडून घेतला, तर हाती म येत नाही, त्याचा एक निरर्थक तुकडा येतो. म्हणून नवी आवृत्ती आपल्या लिपीच्या दृष्टीने निःसंशय श्रेयस्कर आहे. तरीही जुन्या आवृत्तीच्या समजुतीवर रचलेला शब्दसंग्रह जुन्याच आवृत्तीने उघडावा लागतो.

दोन आवृत्त्या एकत्र ठेवण्यातील मूळ अडचण जागेची नसून पत्त्याची आहे. एका गावात दोन गणपतराव असले की, बापाचे नाव आणि आळी विचारल्यावाचून पत्र योग्य घरी जात नाही, तसेच हे आहे. युनिक्स परंपरेतील संगणकावर आपण नुसते ‘पायथॉन’ असे टंकले की, यंत्र आपल्याजवळच्या एका यादीत लिहिलेली फोल्डरे क्रमाने धुंडाळते आणि त्या नावाचा जो प्रोग्राम प्रथम सापडेल तो चालविते. या यादीस पाथ म्हणतात. तिचा क्रम बदलला की त्याच आज्ञेचा अर्थ बदलतो. प्रत्येक कामासाठी वेगळे फोल्डर करून, त्यात हवी ती आवृत्ती आणि तिला लागणारी लायब्ररी मांडून, ते फोल्डर तात्पुरते यादीच्या अग्रभागी आणावयाचे, ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची युक्ती. २०१२ पासून ती पायथॉनमध्येच अंतर्भूत झाली आहे.

हा बंदोबस्त नसताना काय होते, याचा अनुभव विंडोज वापरणाऱ्यांनी १९९० च्या दशकात घेतला. डिस्कवरील जागा तेव्हा मौल्यवान होती, म्हणून अनेक प्रोग्राम एका सामायिक फोल्डरातील डीएलएल नावाच्या फायली वापरीत. नवा प्रोग्राम बसविताना तो आपली प्रत तेथील प्रतीवर खुशाल चढवी, आणि काल बिनतक्रार चालणारा तिसराच प्रोग्राम आज बंद पडे. २००१ च्या विंडोज एक्सपीने अशा फायलींच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची तजवीज केली. लिनक्सवर लायब्ररीच्या नावातच मोठ्या आवृत्तीचा क्रमांक गोवलेला असल्यामुळे सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्त्या एकाच यंत्रावर एकत्र राहू शकत.

तथापि ज्याने आवृत्त्या वाढविल्या, त्याने त्यांची जोखीमही पत्करली. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या, संदेश गुप्त राखणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड हा दोष उघड झाला. सामायिक प्रत एकच असेल, तर ती बदलली आणि ती वापरणारे प्रोग्राम पुन्हा सुरू केले की काम भागते. प्रत्येक प्रोग्रामने आपली प्रत स्वतःपाशी बाळगली असेल, तर प्रत्येक प्रत शोधून काढावी लागते, आणि विस्मृतीत गेलेली एखादी प्रत चोराला दार उघडेच ठेवते. विशेष हे की, दोष १.०.१ या शाखेत होता, त्यापूर्वीची ०.९.८ ही आवृत्ती त्यापासून मुक्त होती. केवळ जुनी म्हणून एखादी प्रत सदोष समजणे, किंवा केवळ नवी म्हणून निर्दोष समजणे, हे दोन्ही असमंजसपणाचे आहे. कोणती प्रत कोठे आहे आणि तिच्यावर कोण विसंबून आहे, याचे दप्तर असल्यावाचून निवाडा होत नाही.

असे दप्तर यंत्राकडूनच ठेवविण्याचा, माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयत्न म्हणजे निक्स. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्याचे तत्त्व मांडले आहे. येथे प्रत्येक सॉफ्टवेअरच्या फोल्डराच्या नावाआधी बत्तीस अक्षर-अंकांची एक खूण असते, आणि ती मूळ मजकूर, ज्या कंपायलरने तो घडविला तो, आणि त्यास लागणाऱ्या सर्व लायब्रऱ्या यांवरून गणिताने काढलेली असते. यांपैकी कशातही तिळमात्र फरक झाला की खूण बदलते, पत्ता बदलतो, आणि नवी प्रत जुनीला धक्का न लावता स्वतंत्र जागी जाऊन बसते. जुन्या प्रती साफ करण्याचा हुकूम दिला, तरी जिच्यावर दुसरे काही अवलंबून आहे अशी प्रत यंत्र काढीत नाही. याची किंमतही उघड आहे. तळाच्या लायब्ररीत एका ओळीची दुरुस्ती केली, की तिच्यावर उभ्या असलेल्या सर्व सॉफ्टवेअरच्या खुणा बदलतात आणि ती सारी पुन्हा घडवावी लागतात. यात वीज खर्च होते, वेळ जातो. परंतु दुरुस्ती कोठे पोहोचली आणि कोठे नाही हे त्यामुळे पत्त्यावरूनच कळते, आणि हिशेब, औषधे किंवा हवामान यांसारख्या कामांत एवढा खर्च करणे मला सर्वथा न्याय्य वाटते.