दुसऱ्या शिट्टीला आवराआवर

पावणेबाराच्या सुमाराला कुकरची पहिली शिट्टी होते आणि सतरंजीवरची चार वर्षांची मुलगी मान वर करून जाहीर करते, "एक झाली!" बाकीच्यांपैकी एक जण ऐकतो, दोघं ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात आणि उरलेल्या दोघांचं अजून शिट्टी कळण्याचं वय नाही. स्वयंपाकघरातून मावशी काहीच बोलत नाहीत. पहिली शिट्टी ही नुसती वर्दी. इमारत बांधत असाल तर छप्पर घाला, बाहुलीला भरवत असाल तर घास संपवा. दुसऱ्या शिट्टीला मात्र आवरायला लागायचं. ज्यांना घड्याळ कळत नाही त्यांना "पाच मिनिटांत आवरा" म्हणण्यात अर्थ नसतो. पाच मिनिटं म्हणजे किती, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. शिट्टी ऐकू येते. शिवाय कुकरशी हुज्जत घालता येत नाही. तो रागावलेला नसतो आणि लाडीगोडीला बधतही नाही.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधलं हे घर. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि एक अरुंद बाल्कनी. मावशी मूळच्या कराडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आल्या आणि मुलं मोठी झाल्यावर शेजारणीचं बाळ सांभाळता सांभाळता पाळणाघर सुरू झालं. सध्या सहा मुलं. घरी कोणी मराठी बोलतं, कोणी कन्नड, कोणी तमिळ, कोणी बंगाली. सर्वांत लहान बाळ सात महिन्यांचं आहे आणि ते त्याच वयाचं असण्यामागे कायदा आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ती संपते तेव्हा बाळ जेमतेम पालथं पडून पुढं सरकू लागलेलं असतं. त्याच दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधनही घातलं. पण तान्ह्या बाळाला घेऊन आउटर रिंग रोडवरून कचेरीपर्यंत जायचं आणि यायचं, हे ज्यांना झेपत नाही, ते दोन गल्ल्या पलीकडची मावशी शोधतात. त्यामुळे या हॉलमध्ये सगळं तोंडात घालणारं बाळ आणि मण्यांची माळ ओवू पाहणारी मुलगी एकाच सतरंजीवर असतात. खेळणी कोणाला कधी द्यायची, हा प्रश्न खरा इथं सुरू होतो.

पहिल्या वर्षी असा काही विचार नव्हता. एक मोठा प्लास्टिकचा टब होता आणि त्यात सगळं. पालक घरची नकोशी झालेली खेळणी हौसेनं आणून देत, त्यामुळे टब सतत भरलेला. सकाळी पहिलं मूल आलं की टब पालथा. चाक नसलेल्या गाड्या, झाकणं, अर्धी कोडी, एक हात नसलेलं माकड, सगळं जमिनीवर. आणि चार मिनिटांत मुलं त्यातून चालत दुसरीकडे निघून गेलेली. दुपारी आवराआवर म्हणजे मावशींचा आवाज चढणं, एखाद्या मुलाचं रडणं आणि शेवटी त्यांनीच गुडघे टेकून सगळं गोळा करणं. आवरायला शिकवायचं कसं, असं त्या ज्याला त्याला विचारत. कोणी गाणी सुचवली, कोणी बक्षिसाचे स्टिकर. स्टिकर आठवडाभर चालले. मग मुलं एकच ठोकळा चार वेळा काढून चार वेळा ठेवू लागली, दर खेपेला हात पुढे. हिशेबात मुलं कच्ची नसतात.

तोडगा निघाला तो कपाटातून. टब गच्चीवर गेला आणि त्यातल्या वस्तूंचे चार वाटे झाले. एक वाटा खाली, तीन माळ्यावर. दर सोमवारी अदलाबदल. आता कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवर मिळून आठ गोष्टी असतात, प्रत्येक वेगळ्या ट्रेमध्ये किंवा टोपलीत, आणि दोन टोपल्यांच्या मध्ये रिकामी जागा. ती रिकामी जागा पाहून नवीन पालकांना जरा फसवल्यासारखं वाटतं. फी भरायची आणि खेळणी एवढीच? अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हाच प्रश्न मोजून पाहिला होता. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं त्यांनी एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवलेल्या खोलीत पंधरा मिनिटं खेळू दिली. चारच खेळणी होती तेव्हा मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त प्रकारांनी खेळली. मावशींना हे निष्कर्ष ठाऊक नाहीत. त्यांनी हे गुडघेदुखीतून शोधलं.

माळ्यावरून तीन आठवड्यांनी उतरलेलं खेळणं नव्या खेळण्यासारखंच स्वागत घेतं, हा त्यातला फायदा. तोटा असा, की एखाद्या मुलाचं जिवाभावाचं काही सोमवारी वर गेलं तर मंगळवारचा दिवस वाया जातो. म्हणून प्रत्येकाची एक वस्तू फेरीतून वगळलेली आहे. बंगाली घरातल्या मुलाचा पिवळा ट्रक गेलं वर्षभर खालीच आहे.

कपाट उघडं ठेवायचं की बंद, हा वाद जुना आहे. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं तेव्हा साहित्य कुलपात असे आणि शिक्षिका ते वाटत असे. एके दिवशी ती उशिरा आली आणि आदल्या दिवशी कुलूप लावायचं राहून गेलं होतं. मुलांनी कपाट उघडून हवं ते घेतलं. शिक्षिकेला ही चोरी वाटली. मॉन्टेसरींना ती निवड वाटली. पुढे उंच कुलूपबंद कपाटाच्या जागी बुटकी, उघडी कपाटं आली. भारतात त्या १९३९च्या अखेरीस, मद्रासच्या अड्यारला आल्या. मराठी मुलखात हा विचार त्याआधीच ताराबाई मोडकांच्या हातून रुजू लागला होता, पण महागडं साहित्य इथं कोण घेणार? १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पानं, परिसरात मिळेल ते बालवाडीत आणलं. एचएसआर लेआउटमध्ये शिंपले कुठून मिळणार? तिथं सर्वांत लोकप्रिय टोपली आहे ती स्टीलच्या वाट्या, लाकडी पळी, जुना डबा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे यांची. मावशी तिला भातुकली म्हणतात. कन्नड बोलणारी मुलंही आता भातुकलीच म्हणतात.

भाषेची देवघेव दुसऱ्या बाजूनंही झाली. सुरुवातीच्या दिवसांत मावशींना कन्नड येत नव्हतं आणि एक मुलगी दर थोड्या वेळानं "नंदु! नंदु!" असं ओरडायची. या पोरांत नंदू नावाचं कोण आहे, हे कळायला त्यांना दोन दिवस लागले. नंदु म्हणजे "माझं". दोन वर्षांच्या मुलांच्या घरात सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द, कुठल्याही भाषेत. त्यावर मावशींचा नियम साधा आहे: वस्तू ज्याच्या हातात, त्याची, खाली ठेवली की कपाटाची. "त्याला दे ना, शहाणा ना तू" हे इथं ऐकू येत नाही. शेजारी बसून वाट पाहायची. वाट पाहणं अवघड जातं, म्हणून भांडणाच्या खेळण्यांपुरते दोन-दोन नग आहेत. सगळ्याच बाबतीत तत्त्व पाळलं तर दिवस सरत नाही.

वरच्या फळ्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत. तिथं मणी, छोटे जोडठोकळे, कात्र्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षा-मानकांत एक चाचणी असते: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू मावते, तिनं श्वास कोंडू शकतो. मावशींकडे टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी आहे. ती थोडी रुंदच असते, म्हणजे चूक झाली तरी सावधगिरीच्या बाजूनं. नळीतून जे खाली पडतं ते वरच्या फळीवर. ते फक्त जेवणाच्या टेबलावर आणि धाकटी झोपल्यावरच खेळायचं. बटणासारख्या बॅटरीची खेळणी तर घरातच नाहीत. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आत भाजू लागतं. पालकांनी आणलेलं चिवचिव करणारं प्लास्टिकचं पाखरू मावशी हसत हसत परत पाठवतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. त्या ते पाहतात, पण नळीवर त्यांचा जास्त विश्वास आहे.

दुसरी शिट्टी होते.

आता जे घडतं ते वयाप्रमाणे वेगवेगळं. दीड वर्षाच्या मुलाला आवरणं आणि खेळणं यांतला फरक कळत नाही, आणि तेच त्याचं बळ. टोपलीत वस्तू टाकणं, ओतणं, पुन्हा टाकणं हा त्या वयाचा मुख्य उद्योगच असतो. म्हणून स्टीलच्या वाट्यांसाठी टोपली नाही, मोठी परात आहे. टाकली की वाजते. तो एकेक वाटी आणून परातीत आदळतो आणि प्रत्येक आवाजाला स्वतःच दचकून हसतो. अडीच वर्षांच्याला "सगळं आवर" सांगितलं तर तो सतरंजीवर आडवा होतो. "गाड्या गॅरेजमध्ये ने" सांगितलं तर नेतो, एकेक, इंजिनाच्या आवाजासकट. प्रत्येक टोपलीवर तिच्यातल्या वस्तूचा फोटो चिकटवला आहे. चार भाषांच्या चार लिप्यांमधून कोणती निवडायची, हा प्रश्न त्यामुळे उद्भवलाच नाही. झाकणं सगळी काढून टाकली. झाकण हा आवराआवरीचा मोठा शत्रू आहे: मुलाला ते लागत नाही, मग मोठ्यांना बोलवावं लागतं, तोवर उत्साह ओसरतो.

चार वर्षांच्या मुलीची गोष्ट वेगळी. तिचा वाडा अर्धा बांधून झालेला असतो आणि तो मोडायला लावणं म्हणजे विणलेलं उसवायला लावणं. त्यावर मावशींनी जेवणाचे जुने पाट काढले. मोठी मुलं इमारती पाटावरच बांधतात. शिट्टी झाली की पाट उचलून टीव्हीच्या फळीवर. दुपारी झोपून उठल्यावर वाडा तिथंच असतो. संध्याकाळी मात्र उतरवायचा, पण तोवर त्यातली गंमत तिच्याच दृष्टीनं संपलेली असते. शहरातल्या महागड्या नर्सरींमध्ये अर्धवट कामासाठी खास ट्रे असतात म्हणे; पाटाला ती सर नाही असं कोणी म्हणू नये.

फळीवरचा मानाचा नग चन्नपट्टणचा. बेंगळुरूपासून साठेक किलोमीटरवर म्हैसूर रस्त्यावरचं हे गाव. तिथल्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. कन्नडमध्ये आले मर आणि मराठीत काळा कुडा म्हणतात त्या झाडाचं पांढरं, मऊ लाकूड. ते चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढत जाते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानानं चकाकी आणतात. खुंटीवर रचायच्या सात कड्यांचा तो मनोरा सहाही मुलांचा. चावून चावून सर्वांत वरच्या लाल कडीची चमक गेली आहे. लाकूड म्हणून ती बादलीत भिजवता येत नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. बाकी तोंडात गेलेलं सगळं वेगळ्या बादलीत जातं आणि रात्री साबणानं धुतलं जातं. २०२४च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची ओढ लागली, सोसायटीत टँकर येऊ लागले, तेव्हा मावशींनी खाली ठेवायची खेळणी आठावरून पाचावर आणली. धुणं कमी. मुलांनी तक्रार केली नाही. पालकांपैकी एकीनं केली.

हे सगळं रोज जमतं असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा भुरभुर थांबत नाही, खाली बागेत जाता येत नाही, कापडी बाहुल्या वाळत नाहीत आणि चौथ्या दिवशी शिट्ट्या कितीही झाल्या तरी कोणी हलत नाही. तापातून उठलेलं मूल, दाढ येणारं मूल, आई गावाला गेलेलं मूल आवरत नाही. मावशी त्याच्या वाटचं स्वतः आवरतात आणि त्याच्या देखत, बोलत बोलत आवरतात. "ही गाडी चालली. हा बैल गोठ्यात." कधी ते मूल तिसऱ्या वस्तूला हात पुढे करतं, कधी करत नाही.

साडेपाचला कपाटाच्या खालच्या फळ्यांवर जुन्या साडीचा पडदा ओढला जातो. कन्नडमध्ये दुकानाला अंगडी म्हणतात, मुलं ओरडतात, "अंगडी बंद!" आणि पडद्याला कोणी हात लावत नाही. उघडी कपाटं ठीक, पण हॉलला सात वाजता पुन्हा कोणाचं तरी घर व्हायचं असतं. पुढच्या दीड तासासाठी बाहेर राहतात फक्त दोन गोष्टी, पाटी-खडू आणि तो सात कड्यांचा मनोरा. एकेक पालक येतो, एकेक बूट सापडतो.

आज शेवटचा अडीच वर्षांचा राहिला आहे. त्याचे बाबा सिल्क बोर्ड चौकात अडकलेत, असा फोन आला. सतरंजीची घडी झाली, सोफा भिंतीपासून पुढे आला, टीपॉय बाल्कनीतून आत. मुलगा टीपॉयवर कड्या रचतो, पाडतो, रचतो. सात-वीसला हेल्मेटसकट बाबा येतात आणि तो हातातलं टाकून धावतो. त्याला परत बोलावून आवरायला लावण्याची ही वेळ नाही, हे मावशींना कळतं. त्या मनोरा उचलतात. सहाच कड्या. सोफ्याखाली पाहतात, पडद्यामागे पाहतात, मुलाच्या खिशात हळूच हात घालून पाहतात.

मावशींचे यजमान, मुलांचे काका, कचेरीतून येतात, घरातली चप्पल घालतात आणि लगेच पाय बाहेर काढतात. दाराशी एक जुना बिस्किटांचा डबा आहे, "सापडलं" असं लिहिलेला. लाल कडी त्यात पडते, कोड्याच्या एका तुकड्यावर, दोन चिमट्यांवर आणि कोणाच्या तरी एका मोज्यावर.