पुरावा कुणी द्यायचा?

१९६३ सालच्या एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात अठरा वर्षांच्या एका तरुणाची मुलाखत ठरली होती. जागा बस कंडक्टरची. तरुणाचं नाव गाय बेली, मूळचा जमैकाचा. तो वेस्ट इंडीजचा आहे असं कळल्यावर ब्रिस्टल ऑम्निबस कंपनीने मुलाखतच रद्द केली. कंपनीने हे लपवलंही नाही, कारण लपवण्याची गरजच नव्हती. कातडीचा रंग बघून नोकरी नाकारणं तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा तर नव्हताच, पण त्याविरुद्ध दाद मागायची सोयही नव्हती. बसवर काळे कर्मचारी नकोत असा ठराव तिथल्या कामगार संघटनेनेच १९५५ साली केला होता.

तिथला कार्यकर्ता पॉल स्टीफन्सन आणि त्याच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनीने बंदी उठवली. सप्टेंबरात राघबीर सिंग हा शीख तरुण तिथला पहिला गोरा नसलेला कंडक्टर झाला.

त्यानंतर १९६५ साली ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा आला. हॉटेल, दारूचे गुत्ते, बस अशा सार्वजनिक ठिकाणांपुरताच तो होता. ज्या प्रश्नावर ब्रिस्टल पेटलं, तो नोकरीचा प्रश्न त्यात नव्हता! १९६८ च्या कायद्यात नोकरी आणि घर आलं, पण तक्रार एका मंडळाकडे करायची आणि कोर्टात जायचं की नाही हे त्या मंडळाने ठरवायचं. ज्याचा अपमान झाला, त्याला स्वतःच्या पायांनी कोर्टाची पायरी चढता येत नव्हती.

मग लोक कारखान्यांच्या गेटवर उभे राहिले. १९७२ मध्ये लफबरोच्या मॅन्सफिल्ड होजिअरी गिरणीत भारतीय कामगारांनी संप केला. चांगल्या पगाराचं विणकामाचं काम गोऱ्यांनाच मिळत असे. १९७४ च्या १ मे रोजी लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समधून ३९ आशियाई कामगार बाहेर पडले. बोनससाठी ठरलेल्यापेक्षा जास्त नगांचं लक्ष्य आपल्यावर लादलं जातंय, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. हळूहळू शेकडो जण त्यांना येऊन मिळाले. त्यात इदी अमीनने १९७२ साली युगांडातून हाकललेली बरीच गुजराती कुटुंबं होती आणि बायका तर पुढेच होत्या. त्यांची स्वतःची कामगार संघटना मात्र पाठीशी उभी राहिली नाही. तिने संपाला मान्यताच दिली नाही. मालकाने पिळलं याचं दुःख समजू शकतं. वर्गणी ज्या संघटनेला भरली तिने दार लावून घेतलं, हे मला अधिक लागतं.

१९७६ च्या कायद्याने अखेर कामगाराला स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येऊ लागलं. तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. या कायद्यातली एक कल्पना अमेरिकेतून आली होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीने बऱ्या जागांसाठी शाळेचा दाखला आणि लेखी चाचण्या लावल्या होत्या. त्यांचा कामाशी संबंध नव्हता, पण काळे कामगार तिथेच गळत होते. हेतू काही का असेना, परिणाम बघा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ठरवलं. ब्रिटनचे गृहमंत्री रॉय जेन्किन्स आणि त्यांचे सल्लागार अँथनी लेस्टर अमेरिकेला जाऊन हे समजून आले, आणि अप्रत्यक्ष भेदभाव ही कल्पना ब्रिटिश कायद्यात शिरली.

तरी खरी अडचण पुराव्याचीच होती. रंगामुळे नाकारलं असं कोण लिहून ठेवतो? १९९१ मध्ये अपील न्यायालयासमोर चिनी वंशाच्या एका अर्जदार बाईंचं प्रकरण आलं. मुलाखतीला बोलावलेले आठही जण गोरे, चिनी वंशाच्या पाच अर्जदारांपैकी एकही नाही. असा फरक दिसला तर मालकाकडे खुलासा मागावा, आणि तो पटला नाही तर वंशाचंच कारण मानता येतं, असं न्यायाधीशांनी सांगितलं. २००३ मध्ये हे कायद्यात आलं. कामगाराने वाजवी संशय उभा केला की भेदभाव केला नाही हे मालकाने सिद्ध करायचं. माझ्या मते सबंध चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी कमाई ही. २०१० च्या समानता कायद्यातही ती कायम राहिली.

आणि मग २०१३ मध्ये सरकारने न्यायाधिकरणात दावा करायला फी लावली. भेदभावाचा दावा शेवटापर्यंत न्यायचा तर १,२०० पौंड. नोकरी गेलेल्या माणसाने ते आणायचे कुठून? दाव्यांची संख्या पार घसरली. युनिसन या संघटनेने लढा दिला आणि २०१७ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली.

आपल्याला जवळची गोष्ट त्याच सुमाराची. बिहारमधून घरकामाला आणलेल्या एका आदिवासी बाईने मालकांवर दावा लावला. जातीचा उल्लेख दाव्यातून काढून टाका, असं मालकांचं म्हणणं. २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते फेटाळलं. समानता कायद्यात जात हा शब्द नसला, तरी वांशिक मूळ या शब्दांत ती बसू शकते, असं न्यायाधिकरण म्हणालं. पुढच्या वर्षी बाईला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १,८३,७७३ पौंड मंजूर झाले. जात कायद्यात घाला असं संसदेने २०१३ मध्येच सरकारला बजावलं होतं. २०१८ मध्ये सरकारने नकार दिला. २०१४ च्या त्या निकालाचाच आधार पुरेसा आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.