केबिन बॅग घरीच मोजा!

मंडळी, विमानप्रवास ठरला की बॅग भरण्याआधी टेप हातात घ्या. इंडिगोच्या देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला साधारण ५५ × ३५ × २५ सेंमी, म्हणजे तिन्ही मापांची बेरीज ११५ सेंमी, आणि वजन ७ किलो अशी मर्यादा असते.

📏 मोजायचं कसं?
• उंची चाकांच्या तळापासून वरच्या मुठीच्या टोकापर्यंत घ्या. दांडा आत ढकललेला असावा.
• रुंदीत बाजूची मूठही धरा.
• जाडी बॅग पूर्ण भरल्यावर मोजा. पुढच्या कप्प्यात चार्जर आणि खाऊचा डबा कोंबला की २३ सेंमीची बॅग सहज २६ वर जाते.

लेबलवरचं माप कधीकधी चाकं सोडून दिलेलं असतं, त्यामुळे ‘केबिन साइज’ या शब्दांवर विसंबू नका.

⚖️ वजनासाठी आधी काट्यावर एकटे उभे राहा, मग बॅग घेऊन. फरक म्हणजे बॅगेचं वजन.

चेक-इन बॅगेची तिन्ही मापांची बेरीज बहुतेक कंपन्यांत १५८ सेंमीपर्यंत चालते. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात आणि बदलतातही. म्हणून निघण्याआधी तिकिटावरचे नियम नक्की वाचा आणि ही पोस्ट पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांना जरूर पाठवा!